समोरच्या खुर्चीत कोणीच नव्हतं

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी मी सदरमधल्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये गेले. डोसा खाल्ला, एक कॉफी प्यायले, मग अजून एक मागवली. तासाभरानं बिल दिलं आणि जाफरनगरला घरी आले. घडलं ते एवढंच.

तिसऱ्या दिवशी अम्मीला खालाजानचा फोन आला. लांबच्या नात्यातल्या एका मामींनी मला तिथं बसलेलं पाहिलं होतं. फोन ठेवून अम्मीनं विचारलं, "साथ में कौन था?"

"कोई नहीं था."

"तो फिर गई कायको थी?"

त्या वेळी कामठीच्या एका घरातून माझ्यासाठी बोलणी चालू होती. तिकडेही ही बातमी पोचली आणि तिकडूनही तोच प्रश्न आला, फक्त जरा अदबीनं. मी खरं ते सांगितलं आणि माझ्या लक्षात आलं की या प्रकरणात सगळ्यात संशयास्पद गोष्ट खरं बोलणं हीच आहे. सोबत एखादा मुलगा असता तर त्याचं नाव, घराणं, नोकरी विचारता आली असती. घरात चार दिवस रडारड झाली असती आणि प्रकरण कुठल्या ना कुठल्या रस्त्याला लागलं असतं. रिकाम्या खुर्चीची चौकशी कशी करणार? तो उठून हात धुवायला गेला असेल, असंही एका नातेवाईकानं सुचवलं. समोरच्या खुर्चीत कोणीच नव्हतं, यावर कुणाचाच विश्वास बसेना. बोलणी पुढे गेली नाहीत. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

या विषयावर लिहिते म्हटल्यावर आमच्या गटातला एक मित्र म्हणाला, "आपल्यापुढे प्रश्न काय कमी आहेत? शिक्षण आहे, तलाक आहे, वारसा आहे, बुलडोझर आहे. आणि तू हॉटेलात डोसा खाण्यावर लेख लिहिणार?" माणूस चांगला आहे, कामाचा आहे, म्हणून आधी त्यालाच उत्तर देते.

दोस्ता, आपली बैठक रविवारी अकराला सुरू होते आणि एकला संपते. संपली की तुम्ही पोरं म्हणता, "चलो, चाय पीते." आम्ही मुली स्कूटी काढतो आणि घरी जातो. पुढच्या बैठकीला आम्हाला कळतं की कार्यक्रमाची तारीख ठरली, वक्ता ठरला, पत्रकाचा मसुदासुद्धा झाला. हे कुठे झालं? टपरीवर झालं. कुणी आम्हाला मुद्दाम डावललं, असं मी म्हणत नाही. पण बैठकीत बोललं जातं आणि हॉटेलात ठरतं, हे तुलाही माहीत आहे. ज्या मुलीला शहरातल्या एकाही हॉटेलात आपली म्हणून खुर्ची नाही, ती तुमच्या टपरीच्या बाकावर कशी बसेल? तुझ्या यादीतले सगळे मोठे प्रश्न त्या बाकावरूनच जातात. तेव्हा डोशाला हसू नकोस.

आता बरकतीकडे येते. हे उत्तर मला सगळ्यात जास्त वेळा मिळालं आहे: "अकेले खाने में बरकत नहीं होती." यात श्रद्धा आहे आणि ती माझीही आहे. सगळ्यांनी एकत्र जेवावं, त्यात बरकत आहे, ही शिकवण हदीसमध्ये आहेच. पोट भरत नाही अशी तक्रार घेऊन लोक आले, तेव्हा त्यांना एकत्र बसून खायला सांगितलं गेलं, असा तो प्रसंग आहे. दोघांचं जेवण तिघांना पुरतं, ही शिकवणही आहे. मला तरी यात टंचाईच्या काळात आपलं ताट दुसऱ्यासाठी मोकळं करायला लावणारी माया दिसते. एकटा जेवणारा गुन्हेगार आहे, असं यात कुठे आहे?

उलट सूरह नूरची ६१ वी आयत काढून बघा. तुम्ही मिळून खा किंवा वेगवेगळे खा, त्यात तुमच्यावर दोष नाही, असा तिथला स्पष्ट आशय आहे. जुन्या तफसीरांमध्ये तिच्या संदर्भात किनाना कबिल्यातल्या लोकांचा उल्लेख येतो. त्यांच्यात एकट्यानं जेवणं लाजिरवाणं मानलं जाई. सोबत खायला कुणी मिळेपर्यंत माणूस अन्न समोर असूनही उपाशी थांबे. ती लाज काढून टाकणारी ही आयत आहे. म्हणजे ज्या गोष्टीला दोष नाही असं कुराणानं सांगितलं, ती गोष्ट चौदाशे वर्षांनी नागपुरात मामींनी पुन्हा दोषात घातली.

आणि बरकतीचा हा नियम घरात कुणाला लागू आहे, तेही बघू या. आमच्या घरी दस्तरखान अंथरलं की आधी अब्बा आणि पाहुणे बसतात, मग मुलं. अम्मी गरम रोट्या आणत राहते. सगळ्यांचं आटोपलं की ती स्वयंपाकघरात पाटावर बसून, कधी ओट्याशी उभी राहून, पातेल्यात उरलेलं खाते. एकटी. चाळीस वर्षं. तुमच्या घरीही फार वेगळं नसेल. तिच्या बरकतीची काळजी आजवर कुणी केल्याचं मी ऐकलं नाही. बाई एकटी जेवते याला कुणाची हरकत कधीच नव्हती. ती गरम जेवते, बसून जेवते, पैसे देऊन दुसऱ्याच्या हातचं जेवते आणि चार लोकांच्या नजरेसमोर जेवते, हरकत तिथं आहे.

हे पश्चिमेकडून आलेलं खूळ आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी फार जागा खर्च करत नाही. मोमीनपुऱ्याच्या कुठल्याही हॉटेलात दुपारी डोकावा. हमाल, ड्रायव्हर, मेकॅनिक एकेकटे बसून नल्लीत रोटी बुडवताना दिसतील. एकट्यानं जेवणाऱ्या पुरुषासाठी महाराष्ट्रात एक अख्खी व्यवस्था उभी राहिली, तिचं नाव खाणावळ. मुंबईच्या गिरण्यांत आलेले एकटे कामगार खाणावळीत जेवले आणि त्यांच्यासाठी रांधलं बायकांनी. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते याच खाणावळवाल्या बायकांचं. म्हणजे एकट्याच्या जेवणाची सगळी विद्या बायकांकडे आहे. फक्त पाटावर बसायचं राहून गेलं.

आता त्या पाटीबद्दल. नागपुरातल्या मध्यम हॉटेलात शिरलं की जिन्यावर बाण काढून लिहिलेलं असतं: 'फॅमिली रूम'. मी एकटी आत गेले की वेटर तोंडही उघडत नाही, नुसता त्या बाणाकडे हात करतो. मी वर जाते. तिथं पंखा बंद असतो, तो माझ्यासाठी लावला जातो. चार खुर्च्यांचं टेबल असतं आणि मला एकटीला ते दिल्याबद्दल मालकाच्या कपाळावर आठी असते. कधीकधी पडदाही ओढून देतात. मी फॅमिली कशी काय? माझा सख्खा भाऊ एकटा आला तर तो खाली रस्त्याकडेच्या टेबलावर बसतो, तो कुणाची फॅमिली नसतो. म्हणजे फॅमिली या शब्दाचा अर्थ बाई. सॉफ्टवेअरच्या धंद्यात आम्ही याला चुकीचं डिफॉल्ट सेटिंग म्हणतो. कुणीतरी एकदा घातलेलं असतं, का घातलं ते कुणाला आठवत नाही आणि सगळे त्याच्यावरच पुढचं काम रचत जातात.

एका हॉटेलात, नाव घेत नाही, मॅनेजरनं मला सरळ विचारलं, "मॅडम, एकट्या आहात तर पार्सल घेऊन जा ना." त्याच्या आवाजात काळजी होती. मला राग त्या काळजीचाच आला.

कुणी म्हणेल, सोय आहे, टवाळांपासून वाचवायला केली आहे. असेल. माझ्याशी टवाळी झालेलीच नाही, असं मी म्हणणार नाही. पण टवाळी करणारा खाली राजरोस बसतो आणि मी पडद्याआड जाते, यात शिक्षा कुणाला झाली ते सांगा. मुंबईतल्या स्त्रिया आणि सार्वजनिक जागा यांवर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर' हे पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा की बाईला घराबाहेर असण्यासाठी सतत काहीतरी कारण हातात धरावं लागतं: कामाला चाललेय, मुलाला आणायला चाललेय, भाजी घ्यायची आहे. कारण नसताना बाहेर असण्याचा हक्क मागायला हवा, असं त्या म्हणतात. २०१५ मध्ये कराचीच्या काही मुलींनी ढाब्यावर बसून चहा पितानाचे आपले फोटो टाकायला सुरुवात केली, 'गर्ल्स ॲट ढाबाज' नावानं. त्यांनाही हेच ऐकावं लागलं: प्रश्न कमी आहेत का? सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना शब्द तेच.

इथवर मी बाई म्हणून बोलले. पण माझा धाकटा भाऊही एकटा हॉटेलात जातो तेव्हा एक वेगळं ओझं घेऊन जातो. नव्या कॉफी शॉपमध्ये काउंटरवर नाव विचारतात, कपावर लिहितात आणि कॉफी तयार झाली की मोठ्यानं पुकारतात. माझा भाऊ 'समीर' सांगतो. त्याचं नाव समीर नाही. समीर दोन्हीकडे चालतं. मित्रांसोबत असला की तो खरं नाव सांगतो, एकटा असला की समीर होतो. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या खानपानाच्या दुकानांना मालकांची नावं लावायचे आदेश निघाले आणि २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना स्थगिती दिली, तेव्हा आमच्या घरी चर्चा झाली. भाऊ म्हणाला, "उनको तो अब बोर्ड लगाने बोले. अपन तो कब से मिटा रहे."

१७ मार्च २०२५ ची रात्र नागपूरकरांना सांगायला नको. रमजान चालू होता आणि शहराच्या मधल्या भागात कर्फ्यू लागला. त्यानंतर घराघरातून एकच सूचना होती, बाहेर खायचं तर आपल्याच भागात खा. सूचना देणाऱ्यांची भीती खरी होती, तिची चेष्टा करणार नाही. पण 'आपला भाग' हा शब्द एकदा तोंडात बसला की तो लहान लहान होत जातो. आधी धरमपेठ जाते, मग सीताबर्डी जाते, मग सदर. शेवटी आपला भाग म्हणजे आपलं स्वयंपाकघर.

ईदनंतर मी ठरवून धरमपेठेत एकटी जेवायला गेले. डोक्यावर ओढणी होती. मी रोज घेत नाही, त्या दिवशी घेतली. वेटर हिंदीत बोलला, मी मराठीत ऑर्डर दिली. तो म्हणाला, "तुम्ही मराठी छान बोलता." हे वाक्य तुम्हा प्रत्येकाला कधी ना कधी ऐकवलं गेलं असेल. माझा जन्म याच शहरातला, शाळा मराठी माध्यमाची, दहावीला मराठीत वर्गात पहिली. मी त्याला म्हटलं, "तुम्हीपण." तो हसला आणि रायता जास्तीचा आणून दिला. शहराशी असं बोलणं चारचौघांच्या घोळक्यात होत नाही. घोळका असला की आपण आपापसात बोलतो. एकटं असलं की शेजारच्या टेबलाशी, वेटरशी, भिंतीवरच्या कॅलेंडरशी ओळख होते.

बाहेरचं खाणं ही या राज्यात कधीच साधी गोष्ट नव्हती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला, या कारणावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य आलं आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. एका चहासाठी! १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्यायलं, त्यावरून काय झालं ते आपण शाळेत शिकलो. कुणी कुठं बसून काय तोंडात घालायचं यावर इथली सत्ता उभी होती, म्हणून संविधानातही ते लिहावं लागलं. अनुच्छेद १५ चा दुसरा खंड वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुठल्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा इथं मज्जाव करता येणार नाही, असा त्याचा अर्थ आहे. त्याच खंडात विहिरी आणि तलावही आहेत. चवदार तळं आणि हॉटेलचं टेबल एकाच खंडात शेजारी शेजारी बसलेत. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, तिथल्या माणसाला हे मी नव्यानं सांगायला नको, पण आपल्या मोहल्ल्यात हा खंड फारसा कुणी वाचलेला नाही. आपण संविधान आठवतो ते आपल्यावर काही कोसळल्यावर.

मला कायद्यानं कुणी अडवलेलं नाही, हेही कबूल करते. जिन्याचा बाण, मामींचा फोन आणि माझ्या स्वतःच्या मनातली धाकधूक, एवढंच अडवतं. कोर्टात जाण्यासारखं त्यात काही नाही. ते रोज जाऊन बसूनच झिजवावं लागतं.

पैशाचं काय, असं विचारणारेही आहेत. माझी मिहानमधली नोकरी आहे, मला परवडतं, हे खरं. पण हे सगळं महागड्या हॉटेलाबद्दल नाहीच. सकाळी गाडीवरच्या तर्री पोह्याची प्लेट कॉलेजच्या मुलीलाही परवडते. ती ती पार्सल नेते, कारण गाडीपाशी उभं राहून खाणं तिला परवडत नाही. हिशेब दुसराच आहे.

आणि आता खरं कारण सांगते, जे वरच्या सगळ्या वादात बुडून गेलं. मला आवडतं. काय हवं ते मी ठरवते, दुसऱ्याच्या ताटाकडे बघून नाही. तिखट सोसलं नाही तर नाक पुसायला लाजावं लागत नाही. कुणाशी बोलायचं नसल्यानं चव कळते. तर्री पोह्यात चण्याचा रस्सा वरून ओतला की पोहे पहिले दोन मिनिटं कोरडेच राहतात, मग एकदम भिजतात, आणि त्या दोन मिनिटांतच ते खायचे असतात, हे मला एकटीनं खाल्ल्यावर कळलं. इतकी वर्षं मी बोलत होते. कॉफी हाऊसमध्ये फेटेवाले वेटर दुसरी कॉफी आणतात आणि उठा म्हणत नाहीत. कामगारांची सहकारी संस्था ते हॉटेल चालवते, म्हणूनही असेल, पण तिथं गिऱ्हाईकाकडे घड्याळासारखं कुणी बघत नाही. हा एक तास मी ना कुणाची मुलगी असते, ना टीम लीड, ना समाजाची प्रतिनिधी. मी डोसा खाणारी बाई असते.

अम्मीला मी अनेकदा म्हटलं, तूही एकदा जा. ती म्हणते, "मेरे को क्या करना है अकेले जाके." मी जास्त ताणत नाही. गेल्या महिन्यात मात्र रोट्या लाटता लाटता तिनं विचारलं, "वहां डोसा कितने का मिलता?" मी सांगितलं. महाग आहे म्हणाली आणि पुढची रोटी लाटायला घेतली.

माझी यादीतली पुढची जागा सावजीची होती. सावजी म्हणजे इथल्या कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण. मोमीनही विणकरच. एकाच शहरात दोन विणकर जमाती, दोघांचा रस्सा जाळ, आणि एकमेकांच्या हॉटेलात पाय ठेवताना दोघंही दहादा विचार करतात. तिथं मी मटण खात नाही, कारण मला हलालच लागतं. पण पाटोडीच्या रश्शाला कोण काय म्हणणार? शिवाय सावजी भोजनालय हा पुरुषांचाच अड्डा समजला जातो, त्यामुळे मैत्रिणी म्हणाल्या, तिथं तरी एकटी जाऊ नकोस.

गेल्या शुक्रवारी ऑफिसमधून येताना गेले. दुपारचे अडीच वाजले होते, सहासात माणसं जेवत होती. पोऱ्यानं बाणाकडे बोट केलं. "मॅडम, फॅमिली वरती."

"मी खालीच बसते."

त्यानं गल्ल्यावरच्या काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग खांदे उडवले. भिंतीलगतच्या टेबलावर पोऱ्यानं फडकं मारलं, स्टीलचा ग्लास आपटून ठेवला आणि पाणी ओतलं. दोनतीन माना वळल्या आणि परत ताटाकडे गेल्या.

"पाटोडी रस्सा," मी म्हटलं.

"पाटोडी संपली, ताई. दालकांदा आहे."

"आण."